लिपिड प्रोफाइलमध्ये न दिसलेला आकडा

आमच्या घराण्यात शेतजमीन नाही, पण हार्ट अटॅक वडिलोपार्जित आहे. आजोबा पन्नाशीच्या आत गेले, वडिलांची अँजिओप्लास्टी सत्तेचाळिसाव्या वर्षी झाली. दोघेही निर्व्यसनी. माझा लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी, मात्र दरवर्षी बरा यायचा. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 118, शुगर नॉर्मल. आत्या म्हणायची, "हा आईवर गेलाय."

नव्या कार्डिऑलॉजिस्ट बाईंनी तो रिपोर्ट बाजूला ठेवला आणि कुणाला कितव्या वर्षी काय झालं, एवढंच विचारत बसल्या. मग चिठ्ठीवर एकच तपासणी लिहिली : लायपोप्रोटीन (ए), रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण.

लॅबच्या काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "सर, ते लिपिड प्रोफाइलमध्येच येतं." येत नाही! वेगळी सांगावी लागते. त्याला वरिष्ठांना फोन लावायला लावला, तेव्हा कुठे यादीत सापडली. उपाशीपोटी जायचीही गरज नव्हती.

आकडा आला 92 मिलिग्रॅम. 50 च्या वर गेला की धोका वाढलेला धरतात. काही लॅब नॅनोमोलमध्ये रिपोर्ट देतात, तिथे ही रेषा 125 ला असते. या कणांचा आकार माणसागणिक बदलतो, त्यामुळे एका मापाचं दुसऱ्यात सरळ गुणाकाराने रूपांतर होत नाही. ऑफिसातल्या मित्राचा रिपोर्ट शेजारी ठेवून तुलना करू नका.

लायपोप्रोटीन (ए) हा एलडीएलसारखाच कण, फक्त त्याला एक जादा प्रथिन चिकटलेलं. किती बनणार, हे मुख्यतः सहाव्या गुणसूत्रावरचं एलपीए नावाचं जनुक ठरवतं. मी विचारलं, तूप बंद करू? बाई हसल्या. आहाराने, चालण्याने हा आकडा जवळपास हलत नाही, स्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळीनेही नाही. तरी स्टॅटिन दिलीच, कारण एलडीएल आणि बीपी आपल्या हातात आहे, ते खाली ठेवायचं. एलडीएल 70 च्या आत आणा म्हणाल्या. पीसीएसके9 ची, कोलेस्टेरॉल कमी करणारी इंजेक्शनं लायपोप्रोटीन (ए) चा आकडा साधारण पाव हिश्श्याने उतरवतात, पण किंमत ऐकून मी विषय बदलला.

मग भावंडांना पिटाळलं. ताईचा 9 आला, धाकट्याचा माझ्याहूनही जास्त. तो गोळी घेतो, पण बीपी मोजायचं म्हटलं की अजून टाळाटाळ करतो. मुलीकडे हे उतरण्याची शक्यता निम्मी. तिची तपासणी परीक्षा संपल्यावर करायची आहे.