लाल बिल्ल्यांचा डबा

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या मिरजेच्या घरातली बैठकीची खोली आत्याच्या ताब्यात जायची. सतरंजीवर फॉर्मांचे गठ्ठे, पाकिटांतले फोटो, डिंकाची बाटली, टाचण्यांची डबी. वडील महिनाभर पेपर पायरीवर बसून वाचायचे, पण कधी कुरकुरले नाहीत. मंडळाचा वधू-वर परिचय मेळावा मार्गशीर्षातल्या एका रविवारी भरायचा आणि आत्या मंडळाची खजिनदार होती. नावाला खजिनदार, बाकी बिल्ल्यांपासून मठ्ठ्यापर्यंत सगळं तिच्याच अंगावर.

मी पहिला मेळावा पाहिला तो 1989 साली, 12 वर्षांची असताना. एका शाळेचा हॉल मागून घेतला होता. सगळी नावं एका दोनशे पानी वहीत मावली आणि वर पानं उरली. पुढं एकाच्या दोन वह्या झाल्या, मग सायक्लोस्टाइलची पुस्तिका आली. कोर्टाजवळच्या टायपिंगवाल्याकडून स्टेन्सिल कापून आणायच्या आणि घरी पानं लावून टाचायची. ती शाई हाताला लागली की दोन दिवस जात नसे. रात्री जेवताना भाकरीलाही तिचा वास यायचा आणि मला तो फार आवडायचा. अजूनही कुठं तसा वास आला की मला डिसेंबरची थंडी आठवते.

मेळाव्याच्या दिवशी पहाटे मला आणि चुलतभावाला स्टेशनवर पाठवायचे. पुठ्ठ्यावर मंडळाचं नाव लिहिलेलं असायचं, ते उंच धरून उभं राहायचं. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईची माणसं उतरायची, स्वेटर घातलेली, झोपाळलेली. पंढरपूरकडची माणसं छोट्या गाडीनं यायची. तेव्हा ती लाइन नॅरोगेज होती. त्या गाडीतून उतरणाऱ्या बापांच्या हातात हमखास कापडी पिशवी असे, आणि तिच्यात पत्रिका, फोटो नि दशम्या एकाच जागी. मुलगी दोन पावलं मागं. मी त्यांना टांग्यापर्यंत न्यायचे. एका बापानं मला वाटेत विचारलं होतं, "बाळ, जमतात का गं तिथं लग्नं?" मी छाती पुढं काढून "हो, लई जमतात" म्हटलं. तेव्हा मला एकही जमलेलं माहीत नव्हतं.

दारातच नोंदणीचं टेबल. मुलांना पिवळा बिल्ला, मुलींना लाल, त्यावर पुस्तिकेतला नंबर. बिल्ला टाचायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा आत्यानं शिकवलं होतं, "पदराला टाच, काठाला नको. काठ फाटतो. आणि टाचताना तिच्याकडं बघून हस. ती घाबरलेली असते." मी त्या मुलींचे हात बघायचे. बहुतेकींच्या मुठीत रुमाल असायचा, पार चुरगळलेला.

पुस्तिकेत रकाने ठरलेले होते. वय, उंची, शिक्षण, नोकरी, रास, नक्षत्र, नाडी, गण, देवक आणि शेवटी अपेक्षा. कोपऱ्यात एक गुरुजी पंचांग घेऊन बसत आणि त्यांच्यापुढची रांग कायम लांब. एकनाडी निघाली की माणसं तिथूनच माघारी वळायची. 36 गुणांपैकी एकट्या नाडीला 8 गुण, त्यामुळं चांगली चांगली स्थळं तिथं मोडलेली मी पाहिली आहेत. मला मात्र शेवटच्या रकान्याची ओढ होती. मुलांच्या पुढं "गोरी, सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष" अशी ओळच्या ओळ. मुलींच्या पुढं एकच शब्द, "अनुरूप". पानामागून पान तेच. फॉर्म बापानं किंवा मामानं भरलेला असे, म्हणून अक्षरही मुलीचं नसे.

स्टेजवरही तसंच. नंबर पुकारला की मुलगा माइकवर येऊन स्वतःची माहिती सांगे. मुलगी येई, नमस्कार करून उभी राही आणि माइक वडील धरत.

1993 साली, मला वाटतं जेवणाआधीच्या शेवटच्या फेरीत, इस्लामपूरकडची एक मुलगी वर आली. बीएस्सी झालेली, लॅबमध्ये नोकरीला. वडील घसा खाकरून सुरुवात करणार, तेवढ्यात तिनं त्यांच्या हातातून माइक घेतला. हिसकावला नाही, अगदी हळू घेतला. पूजेचं ताट हातातून घेतात तसा. म्हणाली, "मी नोकरी सोडणार नाही. आईवडिलांना मी एकटीच आहे, त्यांना पुढं मीच सांभाळणार. हे ज्यांना चालेल त्यांनीच भेटावं." हॉलमध्ये गार शांतता. स्वयंपाकघरातला पळीचा आवाज तेवढा येत होता. मग माझ्या शेजारून टाळी वाजली, एकटीच. आत्या उभी राहून टाळ्या वाजवत होती. वडिलांनी स्टेजवरच मुलीच्या पाठीवर हात ठेवला, तो खाली उतरेपर्यंत काढला नाही. पुढच्या वर्षीच्या फॉर्मवर छापून आलं की परिचय ज्याचा त्यानं, जिचा तिनं स्वतः द्यायचा. मेळावा खरा मोठा झाला तो त्या वर्षीपासून, असं मी मानते. त्यानंतर मुली स्वतःहून फॉर्म मागायला घरी येऊ लागल्या.

विधवा आणि घटस्फोटित यांच्या नोंदणीवरून मात्र मंडळात मोठा वाद झाला. घ्यायचं की नाही इथून सुरुवात, मग वेगळी वही करायची का, मेळावा वेगळ्या दिवशी ठेवायचा का. आमच्याच बैठकीच्या खोलीत ती मीटिंग झाली आणि मी आतून चहा नेत होते. आत्या सहसा आवाज चढवत नसे. त्या दिवशी म्हणाली, "विधवाविवाहाचा कायदा 1856 चा. धोंडो केशव कर्व्यांनी 1893 ला स्वतः विधवेशी लग्न केलं आणि त्याच साली विधवाविवाहोत्तेजक मंडळी काढली. आणि आपण आज 1997 ला विचारतोय, वही वेगळी करू का?" एकाच पुस्तिकेत, पण शेवटच्या पानांवर, अशी तडजोड झाली. ती तडजोड आत्याला दोन वर्षं बोचत होती. तिसऱ्या वर्षी तिनं सगळी नावं आडनावाच्या क्रमानं लावली आणि कुणी काही बोललं नाही.

त्याच काळात एक बाई सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आली होती. मुलाला लाल बिल्ला हवा होता, आईला आहे तसा. मी त्याला एक कोरा बिल्ला लावला. जेवणाच्या पंगतीत शेजारी पिवळ्या बिल्ल्याचा एक गृहस्थ बसला होता, पत्नी वारलेला. त्यानं बाईंशी एक शब्द न बोलता मुलाची जिलबी मोडून दिली, मठ्ठा सांडला तो स्वतःच्या रुमालानं पुसला. पुढच्या मार्गशीर्षात तिघं आले, साताऱ्याचे कंदी पेढे घेऊन. पोरानं मला ओळखलं आणि त्याचा कोरा बिल्ला दाखवला. जपून ठेवला होता.

पुढं हॉल पुरेना म्हणून मंगल कार्यालय घ्यावं लागलं, पुस्तिका ऑफसेटवर रंगीत झाली, नोंदणी मोबाइलवर आली. कोरोनाची दोन वर्षं सोडली तर खंड नाही. पण एक गोष्ट आम्हाला आधी टेबलावरच कळली: पिवळे बिल्ले संपायचे आणि लाल उरायचे. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयाच्या दर हजार मुलग्यांमागं 1991 च्या जनगणनेत 946 मुली होत्या, 2001 ला 913, 2011 ला 894. त्यातली 2001 च्या मोजणीतली पोरं आता बिल्ला लावायला येतात. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा 1994 चा, म्हणजे हे सगळं कायदा असताना झालं. डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात मुंडावळ्या बांधून तरुणांनी जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला, तेव्हा बऱ्याच जणांनी चेष्टा केली. मला ती सहन झाली नाही. शेती करणारी, कष्टाळू, निर्व्यसनी मुलं दरवर्षी आमच्यासमोर माइक धरून उभी राहतात. "शेती हवी, पण मुलगा नोकरीतला हवा" हे ऐकून खाली उतरतात, आणि पुढच्या वर्षी परत येतात. त्यांच्या वाट्याच्या मुली जन्माला येऊ दिल्या नाहीत, त्यात त्यांचा काय दोष! आत्या उरलेले लाल बिल्ले टाकत नाही. बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात ठेवते.

आता ती 77 वर्षांची आहे. गुडघे धरतात, पण नोंदणीच्या टेबलावरची खुर्ची सोडत नाही. गेल्या वर्षी एका मुलीनं फॉर्म कागदावरच भरायचा हट्ट धरला, तिथंच उभ्यानं भरला. अपेक्षेच्या रकान्यात तिनं एवढं लिहिलं की समासातही ओळी गेल्या. आत्यानं भिंग घेतलं आणि मोठ्यानं वाचलं: "घरातली कामं निम्मी निम्मी. पत्रिका बघणार नाही. माझी आई आमच्याकडे राहील. त्याला पोहायला येत असेल तर उत्तम, मला कृष्णेत शिकायचंय."

"पोहायला?" आत्यानं चष्म्यावरून विचारलं.

"हो आजी. लहानपणी कुणी शिकवलंच नाही."

आत्यानं डबा पुढं ओढला, त्यातला एक लाल बिल्ला घेतला, आणि माझ्या हातात न देता थरथरत्या बोटांनी स्वतः तिच्या ओढणीला लावला. काठाला नाही.