कोबीच्या खाली

हिरोशिमाला शिकायला आलो तेव्हा विद्यार्थ्याला आठवड्याला २८ तास काम करता येतं एवढं ठाऊक होतं. त्यातले निम्मे कोबी चिरण्यात जातील हे कुणी सांगितलं नव्हतं.

ओकोनोमियाकीचं, म्हणजे कोबी घातलेल्या जपानी धिरड्याचं, दुकान तोकाइचिमाचीच्या एका गल्लीत आहे, अणुबाँबनंतर उरलेल्या त्या प्रसिद्ध घुमटापासून ट्रामने दोन थांबे. तव्यासमोर आठ खुर्च्या. मालकीण सत्तरीच्या, सगळे त्यांना ओबाचान म्हणतात, म्हणजे आपली मावशीच. दुकान त्यांच्या आईनं युद्धानंतर घराच्या पुढच्या खोलीत थाटलेलं. युद्धाआधी हा पोरांचा खाऊ होता: एका सेनला, म्हणजे येनच्या शंभराव्या भागाला, मिळणारा पिठाचा पातळ पापुद्रा, वर चिमूटभर कांद्याची पात. बाँबनंतर तांदळाची टंचाई आणि अमेरिकेहून आलेलं गव्हाचं पीठ, अशा दिवसांत त्याच पापुद्र्यावर कोबी, मग नूडल्स, मग अंडं चढत गेलं आणि खाऊचं जेवण झालं. ओसाकावाले सगळं पिठात कालवून थापतात. आमच्याकडे (हो, आता मीही ‘आमच्याकडे’ म्हणतो) थर रचतात, आणि या विषयावर गल्लीत वाद घालू नये.

त्या शनिवारी ओबाचानचं मनगट मुरगळलं होतं. पट्टी बांधलेला हात दाखवून त्या म्हणाल्या, “आज तव्यावर तू.” आठ महिने मी कोबी, भांडी आणि गल्ला सांभाळत होतो. रात्री दुकान बंद झाल्यावर स्वतःपुरतं करून बघायचो, तेवढाच सराव.

बारा वाजता दारातून आवाज आला, “अहो, इथं गर्दी कमी दिसतेय.” मी न राहवून म्हटलं, “या काका, बसा!” दोघं जागच्या जागी थबकली. साताऱ्याची होती. “कुठला रे तू?” “सांगलीचा.” मग काय, काकूंनी थेट माझ्या जेवणाचीच चौकशी सुरू केली. अंडं दोघंही खायची. मांस-मासळी अजिबात नाही. मी छातीठोकपणे म्हटलं, “काळजीच नको, काकू.”

तव्यावर पिठाचा पापुद्रा गोल फिरवला. घावनासारखाच, फक्त जाळी पडू द्यायची नाही. वर कोबीचा हा एवढा ढीग, मुगाचे लांब कोंब, तळणीतला कुरकुरीत चुरा. डुकराच्या मांसाच्या पट्ट्या अर्थातच नाहीत. वरून थोडं पीठ शिंपडलं, दोन्ही हातांत हेरा, म्हणजे आपली उलथनीच, धरल्या आणि सगळा डोलारा एका दमात उलटला. एक पान बाहेर सांडलं नाही. काकांनी टाळ्या वाजवल्या. आता पापुद्रा झाकणासारखा वर, खाली कोबी आपल्याच पाण्यात वाफवतोय. इथं दाबायचं नाही, नुसतं थांबायचं.

थांबलो असताना नजर डावीकडच्या डब्यावर गेली. झाकण उघडं. चमचा आत.

ग्योफुन. सुक्या मासळीची पूड. पापुद्रा टाकला की लगेच त्यावर भुरभुरायची, कोबीच्या आधी. आठ महिने ओबाचानचा हात बघून बघून माझ्या हातानं ते परस्पर उरकलं होतं. आता ती पूड कोबीआड गेलेली. वर अंडं येणार, सॉस येणार. कुणाला कळणार होतं? तो विचार माझ्या मनात आला, हे लपवत नाही. चांगला दोन-तीन श्वास रेंगाळला.

ओबाचानला मराठी येत नाही, पण त्यांनीही डबा पाहिला होता. एक शब्द न बोलता त्यांनी डाव्या हातानं हेरा घेतली आणि माझं ते सुरेख काम सरकवत तव्याच्या पार टोकाला नेलं. मग म्हणाल्या, “वेळ लागेल म्हणून सांग त्यांना.”

मी सगळंच सांगितलं, पुडीसकट. सांगायला बसलो तसं पुढचंही सुचत गेलं. सॉसची बाटली फिरवून लेबल वाचलं. त्यात खजूर असतो, चव आपल्या आंबटगोड चटणीच्या जवळची. काकूंना ती आवडलीच असती. पण खाली बारीक अक्षरांत मांसाचा अर्क. चुऱ्याच्या पाकिटावर कोळंबी. आणि तवा तर एकच.

काका म्हणाले, “मग राहू दे बाळा,” आणि पाण्याचा ग्लास पुढे ओढला. काकू मात्र म्हणाल्या, “कोपरा घासून दे. घरी सून तरी काय वेगळा तवा घेते?”

कोपरा खरवडला, पुसला, नवं तेल लावलं. पापुद्रा, कोबी, कोंब, नूडल्स, अंडं. वर मीठ, सोया सॉस आणि अर्धं लिंबू. हिरोशिमाचं लिंबू जपानभर नावाजलेलं, ते त्या दिवशी उपयोगी पडलं. काकूंनी तव्यावरूनच उलथनीनं तोडून खाल्लं. काकांनी दोनदा वाकून पाहिलं, पण घास घेतला नाही. पैसे ओबाचाननी एकाचेच घेतले.

ती दोघं गेल्यावर ओबाचाननी टोकाला पडलेलं पहिलं ओकोनोमियाकी मधोमध कापलं, अर्धं माझ्याकडे सरकवलं. एक घास चावून म्हणाल्या, “उलटलंस छान. पण कोबी कच्चा आहे.”