पुनर्मिलन की पुनर्मीलन?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: ऱ्हस्व. मि ला पहिली वेलांटी. कोल्हापुरात फ्लेक्सच्या दुकानात टायपिंग करतो मी, आणि मे महिना लागला की हा प्रश्न दिवसाआड येतो. दहावीच्या जुन्या बॅचा जमायच्या असतात. हॉल ठरलेला, तांबडा-पांढरा सांगितलेला, आणि मजकूर व्हॉट्सॲपवर येतो तो 'पुनर्मीलन सोहळा' म्हणून. कधी 'पुनःर्मिलन', विसर्गही आणि रफारही. मूळ शब्दच 'पुनर्', त्याच्या अंगचा र रफार होऊन वर बसला की विसर्गाचं काम संपलं. पुनर्जन्म, पुनर्वसन, तसंच हे.

वेलांटीची गोष्ट मात्र गमतीची आहे. संस्कृतात 'मिल्' म्हणजे भेटणं, एकत्र येणं. मिलन, मेळ, संमेलन सगळे त्याच घरचे. 'मील्' हा धातूच वेगळा, त्याचा अर्थ डोळे मिटणं. निमीलन त्यातलंच, उन्मीलन म्हणजे उघडणं. परवा एकाला म्हटलं, एवढं बघून घ्या. तर तो म्हणाला, "डोळं झाकून छापा ओ!" मी काही बोललो नाही. त्याच्या मजकुरातही तेच लिहिलं होतं.

आपलं 'मिळणे'ही त्याच मिल् चं. आता पगार मिळतो, पार्किंग मिळत नाही, एवढ्यापुरतं ते उरलंय. पण नदीला विचारा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती. प्रयाग चिखलीपासून पुढं त्यांची पंचगंगा होते आणि नरसोबाच्या वाडीला ती कृष्णेला मिळते. तिथं 'सापडते' म्हणून चालत नाही.

मला विचाराल तर 'स्नेहमेळावा' बरा. वेलांटीची भानगड नाही. पण त्यात ते 'पुनर्' नाही, मधली वर्षं त्यात येत नाहीत, म्हणून लोक पुनर्मिलनावरच अडून बसतात, आणि मला ते पटतं.

आमच्या स्वतःच्या बॅचचा फ्लेक्स मी रात्री अकराला, घाईत केला. दहा बाय सहा. सकाळी मराठीचे सर काठी टेकत आले, खुर्चीकडं न जाता फ्लेक्ससमोर थांबले, चष्मा वर केला.

"ही दुसरी वेलांटी कुणाची रे?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.