पाखरं बघायला कधी यायचं?

दिवाळी झाली की नागपूर-पुण्याकडून फोन सुरू होतात. "सर, नवेगावबांधला पाखरं बघायला कधी येऊ? डिसेंबरच ना?" गोंदिया जिल्ह्यातल्या या तलावावर हिवाळ्यात उत्तरेकडून पाहुणी पाखरं येतात, त्यांच्यासाठी ही विचारणा. नाताळची सुट्टी असते, थंडी असते, म्हणून डिसेंबर सगळ्यांच्या सोयीचा. मी सांगतो, शिवरात्र ते शिमगा. पळस फुलला की निघा. "पण तेव्हा तर ती परत जातात ना?" हो, जातात. म्हणूनच तेव्हा या. इतक्या जणांनी विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगतो.

डिसेंबरात भुवई बदकाचा नर समोर पोहत असला तरी ओळखू येत नाही. मादीसारखाच मळकट तपकिरी. माघ सरता सरता त्याची पिसं बदलतात आणि एका सकाळी दुर्बिणीत दिसते ती डोळ्यावरून थेट मानेपर्यंत गेलेली पांढरीशुभ्र भुवई. ज्या खुणेवरून त्याचं नाव पडलं, ती थंडीत त्याच्याकडे नसतेच! काळ्या शेपटीचे पाणटिवळे राखाडी अंगाने येतात, मार्चमध्ये त्यांच्या मानेवर विटकरी रंग चढू लागतो. पिवळा धोबी हळदीला बसल्यासारखा दिसतो. ही सगळी तयारी विणीची. घरटं तिकडे उत्तरेत, पण साज इथे आपल्या चिखलात चढतो.

दुसरं कारण पाण्याचं. आमच्या गोंदिया-भंडाऱ्यात गावोगाव माजी मालगुजारी तलाव आहेत, आम्ही त्यांना मामा तलाव म्हणतो. नवेगावचा बांधही अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. उन्हाळी धानाला पाणी सुटलं की लहान तलाव आणि बोड्या, म्हणजे शेतातली छोटी तळी, आत सरकतात, काठाला ओला गाळ उघडा पडतो. त्या गाळात किडे, शिंपले, पाणवनस्पतींचं बी. डिसेंबरात दूर मधोमध ठिपक्यांसारखी दिसणारी पाखरं आता पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, नुसत्या डोळ्यांनी दिसतात. पण जिथे काठभर बेशरमीची झुडपं माजलीत, तिथे हे काहीच होत नाही. गाळच उघडा पडत नाही. असे तलाव दरवर्षी वाढताना बघून जीव तुटतो.

"इथे खायला आहे, पाणी आहे, मग जातात कशाला?" हाही प्रश्न ठरलेला. त्यांना हाक मारतो तो दिवस. आमच्याकडे डिसेंबरात दिवस अकरा तासांहून थोडा कमी, मार्चच्या 20-21 तारखेला दिवस-रात्र जवळपास सारखी. दिवस लांबू लागला की पाखरांच्या अंगात बदल सुरू होतो. भूक वाढते, कातडीखाली चरबी साठते, आणि निघायची वेळ जवळ आली की पाखरू अस्वस्थ होतं. इकडे उन्हाळ्यात तलाव आटणार. तिकडे दक्षिण सायबेरियात त्याच दिवसांत सतरा तासांपर्यंत उजेड, पाणथळीवर किड्यांचे लोट, पिलांना भरवायला वेळच वेळ. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब हंस तर तिबेट-मंगोलियाकडे जाताना हिमालय ओलांडतात. उपग्रहाला जोडलेल्या यंत्रांनी त्यांची उंची 7,000 मीटरच्या वर नोंदवली आहे.

हे सगळं मी पुढे वाचलं. त्याआधी आमच्या गावच्या एका म्हाताऱ्या ढिवर मामांनी मला दाखवलं होतं. जाळं सुकवता सुकवता ते म्हणाले, "मास्तर, पाखरं आता जाऊन राह्यले. पाणी सोडून वर पाहून राह्यले पाहा." मी नीट पाहिलं. तलवार बदकांचा थवा माना उंच करून एकाच दिशेला तोंड करून बसला होता. मध्येच दहा-बारा उठायची, एक फेरी मारायची, परत बसायची. दिवस बुडाल्यावर सगळा थवा उठला, सात बहिणींच्या डोंगरावरून वळला आणि परत बसला नाही. दुसऱ्या सकाळी त्या कोपऱ्यात फक्त अडया बदकं होती, आपल्या इथलीच.

येणाऱ्यांना माझं एकच मागणं असतं. त्या दिवसांत थवा उठवू नका. मागे एका संध्याकाळी काही जणांनी फोटोत उडतं बदक हवं म्हणून डोंगा थव्यात घातला, तीनदा. ती चरबी म्हणजे त्यांची वाटेवरची शिदोरी आहे. आपण उगाच उडवलं की तीच खर्च होते. मी ओरडलो, आवाज पोचला नाही. ते आजही बोचतं.

तर या. सकाळी आधी पळसांकडे जाऊ. भोरड्या तिथे फुलांत तोंड खुपसून मध पीत असतात, गुलाबी अंग, काळं डोकं, आणि कलकलाट असा की शेजारचं बोलणं ऐकू येत नाही. त्याही एप्रिलपर्यंत मध्य आशियाकडे निघतील. दुपारी घरी जेवू. चार वाजता पाळीवर जाऊन बसू, पाठीशी ऊन घेऊन, आणि अंधार पडेपर्यंत उठायचं नाही. थवा कुठल्या संध्याकाळी निघेल ते सांगता येत नाही, म्हणून दोन मुक्काम ठेवूनच या.