तळघरातला पाळणा आणि दोन मिग

27 सप्टेंबर 2025 ला, शनिवारी, आमच्या बिल्डिंगमध्ये साफसफाई होती. फिनलंडच्या राजधानीला, हेलसिंकीला खेटून असलेल्या या एस्पो शहरात वर्षातून दोनदा सगळी बिऱ्हाडं खाली उतरतात, पानं गोळा करतात, कठडे पुसतात आणि शेवटी अंगणात सॉसेज भाजून खातात. याला इथं 'तालकोत' म्हणतात. आपण श्रमदान म्हणू. (एका वर्षी मी भरताची वांगी भाजायला नेली होती. शेजारीण धावत आली, तिला वाटलं काहीतरी जळतंय.) यंदा दारावर एक चिठ्ठी लावलेली होती: तळघरातलं सामान आवरा, निवाऱ्याची तपासणी व्हायची आहे.

त्या तळघरात आठ वर्षं मी अडगळ ठेवते आहे. मुलाचा लहानपणीचा पाळणा, दोन मोठ्या बॅगा, आईनं दिलेला बिबड्यांचा डबा. दार जाडजूड पोलादी आहे हे डोळ्यांना दिसत होतं, पण थंडीच्या देशात सगळंच जाड असतं असं समजून मी कधी कुणाला विचारलं नाही. त्या दिवशी कळलं की ती अडगळीची खोली नव्हेच. तो हवाई हल्ल्यासाठीचा निवारा आहे. शांतता आहे तोवर सायकली आणि पाळणे ठेवायची मुभा, एवढंच. हुकूम आला की 72 तासांत सगळं बाहेर, माणसं आत.

मग मी ती खोली पहिल्यांदा नीट पाहिली. कोपऱ्यात हवा आत खेचायचं यंत्र आहे. वीज गेली तर हातानं फिरवायला रसवंतीच्या चरकासारखा दांडा. माणशी पाऊण चौरस मीटर जागा. घरी येऊन मी चटई अंथरून मोजलं. अर्ध्या चटईहून किंचित कमी भरते. 1,200 चौरस मीटर किंवा त्याहून मोठी राहती इमारत बांधायची तर असा निवारा बांधावाच लागतो, त्याशिवाय सुटका नाही. देशभरात असे सुमारे 50,500 निवारे आहेत आणि त्यांत 48 लाख माणसं मावतात. देशाची लोकसंख्या 56 लाख, म्हणजे आपल्या जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांपेक्षाही कमी. एका ठिकाणी तर खडकातल्या निवाऱ्यात पोहण्याचा तलाव केलाय. लोक टॉवेल घेऊन जातात, पोहतात, घरी येतात.

खरं सांगते, मला हेवा वाटला. आमच्या भुसावळात उड्डाणपुलाखाली पाणी साचतं ते उपसायला दोन दिवस लागतात, आणि इथं न झालेल्या लढाईसाठी पंख्याला वंगण घालून ठेवलंय. आईला फोनवर सांगितलं, इथं सरकार म्हणतं की प्रत्येकानं घरात तीन दिवसांचं खाणं-पाणी साठवून ठेवावं. आई म्हणाली, "तीनच दिवसांचं?" तिच्या कोठीत वर्षाचे गहू, तूरडाळ, कुरडया, सांडगे, आणि माळ्यावर अजून काय काय. तिला यात कसली शिस्त दिसलीच नाही. या एका बाबतीत खान्देशातली कुठलीही बाई फिनलंडच्या पुढे आहे, हे मी तिथल्या तिथं मान्य करून टाकलं.

आता मे महिन्याचं. 5 मेला गृहमंत्रालयानं युद्धसरावाचा आदेश काढला, आणि महाराष्ट्रातल्या ठिकाणांच्या यादीत मुंबई, उरण, तारापूर, मनमाड यांच्याबरोबर चक्क भुसावळचं नाव होतं. तुम्हाला त्यात नवल वाटलं नसेल. एवढं मोठं जंक्शन, दीपनगरचं वीज केंद्र, इकडे ऑर्डनन्स फॅक्टरी, तिकडे वरणगावची काडतुसांची फॅक्टरी. पण मी इथं ऑफिसात बसून ती यादी वाचली आणि हात गार पडले. पप्पा 34 वर्षं वरणगाव फॅक्टरीत होते. आमचं घर म्हणजे फॅक्टरीच्या भोंग्यावर चालणारं घर. आई त्यावरच कुकर लावायची. 7 मेच्या पहाटे भारतानं पाकिस्तानात आणि पाकव्याप्त काश्मिरात नऊ ठिकाणी हल्ले केल्याची बातमी आली आणि मी लगेच फोन लावला: चार दिवस मावशीकडे पाचोऱ्याला जा.

पप्पा म्हणाले, "71 साली खिडक्यांले कागद चिकटवले होते. तवा नही गेलो, आता जाऊ?" आई मागून ओरडली, कूलरमध्ये पाणी भरायचंय, फोन ठेव.

पुढचे तीन दिवस मी तीन देशांच्या बातम्या उघडून बसले होते. आमच्या नात्यातल्या ग्रुपवर तोवर कराची बंदर जिंकून झालं होतं. 10 मेला दुपारी 3 वाजून 35 मिनिटांनी दोन्हीकडच्या लष्करी कारवाई प्रमुखांचं फोनवर बोलणं झालं आणि संध्याकाळी 5 पासून थांबायचं ठरलं, तर ग्रुपवर केवढा हिरमोड. आता दोन पावलांवर होतो म्हणे! लाहोरपासून दोन पावलांवर कोण, तर माझा चुलतभाऊ, जो सावद्याहून केळीचे ट्रक भरतो. 31 मेला सरसेनाध्यक्षांनी सिंगापुरात आपलीही विमानं पडली हे मान्य केलं, आकडा सांगितला नाही, ते ग्रुपवर आलंच नाही. 9 ऑगस्टला हवाईदल प्रमुखांनी बेंगळुरूत सांगितलं की आपण पाच लढाऊ विमानं आणि एक मोठं विमान पाडलं, त्यातलं मोठं तर सुमारे 300 किलोमीटरवरून. ते मात्र एका दिवसात मला अकरा जणांनी पाठवलं. पाकिस्ताननं ते नाकारलं. मी अकराही जणांना अंगठा दिला. आनंद मलाही झाला होता, नाही कशाला म्हणू.

आणि इथंच माझी अडचण सुरू होते.

ऑगस्टमध्येच अमेरिकेनं रशियाच्या तेलापायी आपल्यावर जादा 25 टक्के कर बसवला. ऑफिसात जेवताना एक जण अगदी सौम्यपणे म्हणाला, "तुम्ही रशियाकडून तेल का घेता?" फिनिश माणूस सौम्यपणे विचारतो तेव्हा जास्त झोंबतं. मी काटा खाली ठेवला आणि म्हटलं, मे 2022 पर्यंत तुमच्या घरात रशियाची वीज होती आणि नळीत रशियाचा गॅस. अणुभट्टीसुद्धा तुम्ही रशियन कंपनीकडून बांधून घेणार होता, तो करार त्याच महिन्यात मोडलात. आणि आमच्या आईबापांच्या डोक्यावरचं आकाश मे महिन्यात ज्या एस-400 हवाई संरक्षण यंत्रणेनं राखलं, ती रशियाचीच आहे. टेबलावर शांतता. इथं शांतता म्हणजे हरणं नसतं, लोक खरोखर विचार करत असतात, हे कळायला मला पाच वर्षं लागली. त्यानं मान हलवली आणि कॉफी आणायला गेला. जाताना मलाही विचारलं, आणू का.

मी जिंकले असं दोन दिवस वाटत होतं. मग तळघरातलं ते दार पाहिलं. ते दार कुणासाठी आहे? 1939 च्या 30 नोव्हेंबरला हेलसिंकीवर बॉम्ब पडले ते सोव्हिएत विमानांनी टाकले. फिनलंडची रशियाशी 1,340 किलोमीटरची सरहद्द आहे. म्हणजे ज्याच्या भरवशावर भुसावळची माझी माणसं झोपतात, त्याच्याच भीतीनं माझ्या पाळण्याखालचं काँक्रीट ओतलंय. हे मी जेवणाच्या टेबलावर बोलले नाही. बोलायला हवं होतं की नाही, अजून ठरत नाही.

'मिग' या शब्दाचंच बघा. आमचे काका ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते. आमच्याकडे मिग म्हणजे घरची म्हैस असावी तसं बोललं जायचं. 26 सप्टेंबरला चंदीगडला मिग-21 चा निरोप समारंभ झाला, हवाईदल प्रमुखांनी स्वतः ते चालवलं, आणि काकांनी मला दिवसभरात चार व्हिडिओ पाठवले. शेवटच्याखाली लिहिलं होतं, "गेलं". त्याच्या बरोबर आठवडाभर आधी, 19 सप्टेंबरला, रशियाची तीन मिग-31 एस्टोनियाच्या हद्दीत शिरून 12 मिनिटं फिरली होती. एस्टोनिया म्हणजे इथून समुद्रापलीकडे 80 किलोमीटर, भुसावळहून मुक्ताईनगर-बऱ्हाणपूर गाठावं, त्याहून थोडं जास्त. लोक शनिवारी बोटीनं बाजाराला जातात. त्या आधीच्या आठवड्यात पोलंडमध्ये ड्रोन घुसले होते. धाकट्या भावाचा लगेच फोन: "ताई, तुम्ही आता निघून या." मी म्हटलं, मे महिन्यात मी हेच म्हणत होते तेव्हा तू हसलास. "ते वेगळं होतं," तो म्हणाला. प्रत्येकाला आपल्या दारातली लढाई वेगळीच वाटते की काय कोण जाणे.

तर त्या शनिवारी तळघरात निवाऱ्याची देखरेख करणारे आजोबा होते. खालच्या मजल्यावरचे, पंचाहत्तरी ओलांडलेले. आजवर आमचं बोलणं "मोई" (म्हणजे नमस्कार) आणि "बर्फ पडेल" एवढंच. पाळणा बाहेर काढायला त्यांनी हात लावला आणि विचारलं, भारतातला का? मग म्हणाले, "काल तुमच्या मिग-21 चा कार्यक्रम पाहिला. मी त्यावर काम केलंय."

मी पाळणा सोडलाच हातातून. फिनलंडकडे मिग-21? होतं. 1963 पासून 1998 पर्यंत. आपल्याकडे पहिलं मिग आलं तेही 1963 लाच. त्याच्या आधी त्यांच्याकडे नॅट ही छोटी ब्रिटिश लढाऊ विमानं होती, जी आपण 65 च्या लढाईत वापरली. आजोबा उत्तरेला कुओपिओजवळच्या तळावर मेकॅनिक होते. त्यांनी मला त्या दांड्यापाशी उभ्या उभ्या जे सांगितलं ते मी कुठल्याही चॅनलवर ऐकलं नव्हतं. 1947 च्या पॅरिस तहानं फिनलंडवर बंधन होतं: लढाऊ विमानं 60 च्या वर नकोत. मग शेजाऱ्याला राग येऊ नये म्हणून थोडी विमानं रशियाकडून घ्यायची, आणि पुरतं त्याच्या खिशात जाऊ नये म्हणून थोडी ब्रिटनकडून, स्वीडनकडून. रशियाशी 1948 ला मैत्री करार करायचा, आणि घराखाली निवारेही खोदत राहायचे. 1975 ला पूर्व-पश्चिमेच्या 35 देशांना हेलसिंकीत बोलावून एका कागदावर सह्या करायला लावायच्या. आता नाटोत गेले, एप्रिल 2023 ला, आणि अमेरिकेची 64 एफ-35 लढाऊ विमानं मागवली. आजोबांना त्याचा फार आनंद दिसला नाही. म्हणाले, "पूर्वी आम्ही दोघांकडून घ्यायचो. आता एकाकडूनच घेतो."

मला इतकं हायसं वाटलं! आपलंही हेच तर चाललंय: एस-400 तिकडची, राफेल फ्रान्सची. यावरून पुढच्या जेवणात पुन्हा वाद घालता येईल, असं माझ्या मनात आलंच. पण आजोबांनी लगेच विचारलं, "आम्ही 98 ला थांबवलं. तुम्ही 2025 पर्यंत कसं उडवलंत?" शेकडो अपघात झालेत, 'उडती शवपेटी' हे नाव आपणच ठेवलंय, मी काय सांगणार. म्हटलं, आमचा देश मोठा आहे. हे काही उत्तर नव्हे, ते त्यांनाही कळलं आणि मलाही.

अजून एक गोष्ट, जी मी सहसा लिहीत नाही. मुलगा नऊ वर्षांचा आहे. इथलं नागरिकत्व घेतलं तर अठरा पूर्ण झाल्यावर त्याला सक्तीची सेवा करावीच लागेल, सैन्यात गेला तर कमीत कमी 165 दिवस. आम्ही अर्ज पुढे ढकलतोय. कारण विचारलं की मी म्हणते, भारताचा पासपोर्ट सोडवत नाही. ते खोटं नाही. पण आमच्या घरानं दोन पिढ्या काडतुसं बनवली, विमानं जोडली, ग्रुपवर लाहोर घेतलं, आणि फौजेत मात्र एकही पोरगा गेला नाही. इथं आमच्या मजल्यावरच्या प्रत्येक पुरुषाकडे राखीव सैनिकाचं कार्ड आहे, आणि युद्धाबद्दल त्यांच्या तोंडून मी कधी मोठा आवाज ऐकला नाही. अर्थात 56 लाखांच्या देशाला असं करावंच लागतं. आपल्याकडे स्वखुशीनं जाणाऱ्यांची रांग असते. हे मी स्वतःलाच बऱ्याचदा सांगते.

परवा सोमवारी दुपारी बारा वाजता भोंगा झाला. महिन्याच्या पहिल्या सोमवारी होतो, सात सेकंद, चाचणीचा. पहिल्या वर्षी मला वाटलं होतं जवळपास फॅक्टरी असेल, जेवणाची सुट्टी झाली. मुलाच्या शाळेत कुणी मान वर करून पाहत नाही. त्याच दिवशी कोजागिरी होती. तुमच्याकडे भुलाबाईची गाणी, खाऊ ओळखणं चाललं असेल. मी दूध आटवलं आणि आजोबांना वर बोलावलं. साडेसातला काकांना व्हिडिओ कॉल लावला.

आजोबांनी जुना फोटो आणला होता: बर्फात उभं मिग, नाकाचा शंकू, बाजूला टोपीतला तरणा पोरगा. काकांनी तो पाहिला आणि चष्मा बदलला. "तो मागचा झाकणाचा भाग," ते मला म्हणाले, "त्याले विचार, हात आत जायचा का?" मी इंग्रजीत विचारलं. आजोबांनी काही न बोलता बाही वर केली आणि कोपराजवळचा पांढरा व्रण कॅमेऱ्यापुढे धरला. काका इतके हसले की काकू आतून आल्या. मग त्यांनी स्वतःचा हात दाखवला. मला मध्ये काही बोलायची गरजच उरली नाही; दोघं बोटांनी रिव्हेट मारत होते, पाना फिरवत होते.

दूध पिऊन झाल्यावर काका म्हणाले, "त्याले विचार, पेन्शन किती बसली?"

मी विचारलं. आजोबांनी आकडा सांगितला. काकांनी तो रुपयांत करायला लावला, दोनदा.