तुम्ही विचारलंत म्हणून : सामने नसताना ताकद कशी वाढवावी?

दांडिया बाजारात भेट होवो की लग्नाच्या पंगतीत, बडोद्यातले पालक मला एक प्रश्न हमखास विचारतात : "सर, मुलगा वेगवान गोलंदाज आहे. पावसाळ्यात सामने नसताना त्याला वजने उचलायला लावली, तर अंग जड होऊन वेग कमी होणार नाही का?"

होणार नाही, उलट वजने वाढवायची ती याच दिवसांत. जड वजन आणि पूर्ण वेगाची गोलंदाजी या दोन्हींनंतर पायांना व कंबरेला सावरायला वेळ लागतो, आणि सामन्यांच्या दिवसांत तेवढा वेळ मिळत नाही. तेव्हा आठवड्यातल्या एक-दोन सत्रांत कमावलेली ताकद टिकवता येते, फारशी वाढवता येत नाही. शिवाय पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्था आहेत तेच स्नायू अधिक चांगले कामाला लावू लागते म्हणून. स्नायूंचा आकार नंतर, आणि तोही पुरेसे खाल्ले तरच वाढतो.

ज्या शहराने प्रो. माणिकरावांचे जुम्मादादा व्यायाम मंदिर पाहिले आहे, तिथे व्यायामाचे महत्त्व पटवावे लागत नाही. अडचण वेगळीच असते : आजोबा नातवाला रोज पाचशे बैठका घालायला सांगतात. बैठकांबद्दल मला आदर आहे, परंतु जी हालचाल सलग पाचशे वेळा जमते तिचा भार हलका असतो; तिने दम वाढतो, कमाल ताकद फारशी वाढत नाही. त्यासाठी तीन ते सहा वेळाच उचलता येईल असे वजन, दोन फेऱ्यांमध्ये किमान तीन मिनिटांची विश्रांती आणि आठवड्यात दोन किंवा तीनच दिवस पुरतात. "हा तर निम्मा वेळ बसूनच असतो," अशी तक्रार येते. बसू द्यावे.

सुरुवात मात्र 20 किलोच्या नुसत्या दांड्याने करावी, आणि तोही पेलत नसेल तर काठीने. मी मुलाला बाजूने पाहतो. देशी बैठकेत खाली जाताना चवड्यांवर यायचे असते, त्यामुळे तालमीत तयार झालेला मुलगा खांद्यावर दांडा असतानाही टाचा उचलतो आणि सारा भार पुढे सरकतो. मी त्याच्या टाचेखाली वहीचा कागद ठेवतो व तो खाली बसला की ओढतो. कागद सहज निघाला, तर त्या दिवशी वजन वाढत नाही. टाच पक्की राहिली, तर पुढच्या वेळी दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलो चढते, आणि दर चौथ्या आठवड्याला भार उतरवला जातो.

खाण्याविषयी थोडक्यात : 60 किलोच्या मुलाला दिवसाला साधारण 95 ग्रॅम प्रथिने लागतात, आणि ती फाफड्यातून मिळत नाहीत.

गोलंदाजी पूर्ण बंद करू नये. वाढत्या वयात तीन महिने हात थांबवून एकदम रोजची षटके सुरू केली, तर कंबरेच्या मणक्याला ताणामुळे चीर पडण्याचा धोका असतो. म्हणून सप्टेंबरपासून चेंडूंची संख्या आठवड्यागणिक थोडीथोडी वाढवावी. त्यातच नवरात्र येते. नऊ रात्री गरबा खेळणाऱ्या मुलाच्या पोटऱ्या व गुडघे हजारो उड्या झेलत असतात, तेव्हा गरबा बंद करण्याऐवजी त्या आठवड्यात मी त्याच्या पायांची वजनेच बंद ठेवतो.