पहिलीच्या वर्गाचा इतिहास

कोल्हापुरातल्या मिशन शाळांचा विषय निघाला की सुरुवात रॉयल वायल्डर यांच्यापासून होते, आणि ते रास्तच आहे. हे अमेरिकन मिशनरी नगरहून १८५२ साली इथं आले. १८७० मध्ये त्यांचं काम प्रेस्बिटेरियन मिशनकडं गेलं. पुढं १९१७ साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. यंदा सुवर्णमहोत्सव साजरा करणाऱ्या आपल्या दोन खोल्यांच्या मिशन शाळेमागं एवढी मोठी परंपरा आहे.

तरी माझ्या मते आपल्या शाळेचा खरा इतिहास पहिलीच्या वर्गात घडला.

माझे वडील गूळ मार्केटात हमाल. आमच्या घरात पाटी पहिल्यांदा आली ती माझ्यामुळं. बस्करपट्टीवर माझ्या एका बाजूला गवंड्याचा पोरगा, दुसऱ्या बाजूला चर्चच्या आवारात राहणारी मुलगी, मागं खाटीक गल्लीतले दोघे भाऊ. सकाळी प्रार्थना व्हायची, ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’, आणि ती आम्ही सगळेच मोठ्यानं म्हणायचो. घरी येऊन मी तीच प्रार्थना आजीला म्हणून दाखवायचो आणि ती अंबाबाईच्या तसबिरीपुढं बसून कौतुकानं ऐकायची. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. नाताळात बाई घरून करंज्या आणायच्या, त्या सगळ्यांना पुरायच्या.

‘ळ’ काही केल्या मला जमत नव्हता. दोन गोल नीट बसायचेच नाहीत. बाई मागं येऊन बसल्या, माझ्या मुठीवर आपली मूठ ठेवली आणि पेन्सिल सावकाश फिरवली. ‘कोल्हापूरच्या पोराला ळ यायलाच पाहिजे बाळा. रंकाळा कसा लिहिशील? पन्हाळा? तुझा बाबा पाठीवर वाहतो तो गूळ?’ त्या दिवशी मी पाटीभर गूळ लिहिला. संध्याकाळी वडिलांनी ती पाटी हातात धरून उलटसुलट पाहिली. त्यांना वाचता येत नव्हतं, पण शेजारच्या दादांना बोलावून त्यांनी ती वाचून घेतली.

बाईंनी असे किती हात धरले असतील! एकाही कोनशिलेवर त्यांचं नाव नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणखी एक गोष्ट या निमित्तानं मांडतो. शाळेच्या कपाटात जुनी दाखल-खारीज रजिस्टरं आहेत. त्यात आमच्या अनेकांची जन्मतारीख १ जून लागली आहे, कारण आईबापांना तारीख माहीत नव्हती आणि गुरुजींनी ती नेमून दिली. वडिलांचा धंदा, जात, गाव, सगळं टाकानं लिहिलेलं. आजही जातीच्या दाखल्यासाठी नातवंडं आजोबांचा उतारा मागायला शाळेत येतात. पानं आता कडेनं तुटू लागली आहेत. सुवर्णमहोत्सवाच्या निधीतून आधी त्यांची बांधणी आणि स्कॅनिंग करून घ्यावं, रंगकाम नंतर करता येईल. या कामाला लागेल तेवढा वेळ आणि जमेल तेवढे पैसे द्यायला मी तयार आहे. माझ्या वर्गातल्यांनीही पुढं यावं.